झाडांच्या रोगांचा फैलाव व संगणकी नकाशे

झाडास रोग पडला म्हणजे बागाईतदार दोन प्रश्न विचारतो. यावर औषध कोणतें, हा पहिला. आणि शेजारच्या बागेंतला रोग माझ्या बागेंत केव्हां येईल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणारीं पुस्तकें व पत्रकें विपुल आहेत. दुसऱ्याचें उत्तर मात्र बहुधा अनुभवी माणसाच्या अंदाजावर सोंपविलेलें असे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या दुसऱ्या प्रश्नावर संगणकाच्या साह्यानें पुष्कळ काम झालें आहे. रोग आज कोठें आहे, पुढें कोणीकडे जाण्याचा संभव आहे व कोणत्या जागीं आधीं धांवून गेल्यास तो अडेल, हें नकाशावर दाखविणारीं गणितें तयार झालीं आहेत. अशा गणितास प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांस त्याचा कितपत उपयोग होईल, आणि तो व्हावा म्हणून शेतकऱ्यानें स्वतः काय केलें पाहिजे, याचा विचार या लेखांत आम्ही करणार आहों.

रोगाचा माग नकाशावर काढण्याची कल्पना आपल्या देशांत अगदींच नवी नाहीं. गव्हाच्या तांबेऱ्याविषयीं आगरा येथील प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अनेक वर्षें खपून असें दाखविलें कीं, मैदानांतील उन्हाळ्यांत तांबेऱ्याचे कण टिकत नाहींत आणि दरसाल नवी लागण डोंगरांतून खालीं येते. काळ्या तांबेऱ्याच्या बाबतींत ती मुख्यतः निलगिरी व पळणीच्या डोंगरांतून येते. रोग प्रथम कोणत्या गांवीं व कोणत्या तारखेस दिसला, ही साधी नोंद या कामाचें मोठें भांडवल होती. पुढें १९७० नंतरच्या दशकांत एस. नागराजन व त्यांचे सहकारी यांनीं वारे, पाऊस व उपग्रहांनीं घेतलेलीं ढगांचीं चित्रें यांची त्यास जोड दिली. संगणकानें आतां जें केलें आहे तें याच वाटेवरचें पुढचें पाऊल होय.

हें गणित चालतें कसें, तें समजण्यासाठीं खालापूर तालुक्यांतील कुंभिवली हें गांव घेऊं. गांवाच्या नांवावरून कुंभ्याच्या झाडाची आठवण होते, तेव्हां झाडांच्या लेखास तें शोभेलही. गांवाच्या नकाशावर अडीचशें मीटर लांब व तितक्याच रुंद चौकोनांची जाळी आंखली असें समजा. एका चौकोनांत सुमारें साडेपंधरा एकर जमीन येते. आतां प्रत्येक चौकोनांत ज्या झाडाचा रोग पाहावयाचा त्याचीं झाडें किती, तीं कोणत्या वयाचीं, त्यांपैकीं रोगट किती, आणि तेथें पाऊस, उष्णमान व दंव किती, हें भरावयाचें. भातखाचरांच्या चौकोनांत बांधावरचे दोनचार आंबे सांपडतील, वरकस जमिनीच्या चौकोनांत कलमांची सलग बाग सांपडेल, आणि डोंगराच्या पायथ्याच्या चौकोनांत ऐन, किंजळ व साग यांमध्यें आंब्याचें एखादेंच झाड असेल. रोगास हा सर्व मुलूख सारखा नसतो. सलग बागेंत तो झाडावरून झाडावर जातो. खाचरांच्या पट्ट्यांत त्यास उडी मारावी लागते.

ती उडी किती लांब पडते, हें या विद्येचें मर्म आहे. खळ्यावर उफणणी करतांना बहुतेक फोल पाटीच्या जवळच पडतें, थोडें पांचसात हात जातें आणि एखादें पार शेजारच्या खळ्यांत जाऊन पडतें. रोगाच्या कणांचें तसेंच आहे. करप्याचे कण पावसाच्या थेंबांनीं उडतात, म्हणून ते फार दूर जात नाहींत. भुरीचे कण कोरडे व हलके असल्यानें वाऱ्यावर जातात. जवळ पडणारे किती व दूर पडणारे किती, याचें प्रमाण प्रत्यक्ष रोगट झाडांच्या नोंदींवरून ठरवून तें संगणकास द्यावें लागतें. जवळच्या कणांनीं रोग दाट होतो, आणि दूर गेलेल्या त्या थोड्या कणांनीं नवें ठाणें बसतें. दूरचे कण हिशेबांतून गाळले तर नकाशावर रोग मुंगीच्या चालीनें चालतो आणि प्रत्यक्षांत तो टोळासारखा येतो.

एवढी माहिती भरल्यावर संगणक फासे टाकतो. या आठवड्यांत पाऊस पडला काय, कण उडाला काय, उडाला तर निरोगी झाडावर पडला काय व रुजला काय, असा एकेक डाव तो खेळतो आणि दोन, पांच किंवा दहा वर्षांचा हंगाम क्षणांत संपवितो. मग तोच खेळ पुन्हां आरंभापासून, असा हजार वेळां. हजारांपैकीं तीनशें वेळां एखाद्या चौकोनांत रोग पोंचला तर त्या चौकोनावर शेंकडा ३० असें लिहिलें जातें. येथेंच वाचणाराचा घोटाळा होतो. नकाशांत तो चौकोन नारिंगी किंवा तांबडा रंगविलेला असतो व पाहणारास वाटतें कीं तेथें रोग आलाच. त्या रंगाचा अर्थ इतकाच कीं तेथें आधीं जाऊन पाहावें. हिरव्या चौकोनाचा अर्थही तेथें रोग येणार नाहीं असा नव्हे.

आतां हें जेथें मोठ्या प्रमाणावर करून पाहिलें त्या मुलखाकडे वळूं. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं १९९५ च्या सुमारास सान फ्रान्सिस्कोजवळच्या रानांत ओक व टॅनओक जातींचीं मोठीं झाडें एकाएकीं वाळूं लागलीं. कारण सांपडावयास २००० साल उजाडलें. तें निघालें फायटोफ्थोरा वर्गांतील एक बुरशीसारखें सूक्ष्म जीव. हा वर्ग आमच्या सुपारी-नारळवाल्यांस परका नाहीं. पावसाळ्यांत सुपारीचीं कोंवळीं फळें गळविणारा कोळेरोग व नारळाचा कोंब कुजविणारा रोग हे याच वर्गाचे प्रताप होत. कोळेरोगाचा शास्त्रीय अभ्यास मैसूर संस्थानांत लेस्ली कोलमन यांनीं १९१० च्या सुमारास केला होता. कॅलिफोर्नियांत शोध करतां एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. मरणारा ओक रोग पसरवीत नव्हता. रोग पसरवीत होतें तेथील बे लॉरेल नांवाचें झाड, ज्याच्या पानांच्या टोकांवर थोडेसे डाग पडतात आणि झाडास कांहींच होत नाहीं. लोकांचें लक्ष मेलेल्या झाडांकडे, आणि रोगाचें कोठार हिरव्यागार झाडावर! नकाशांत ओकांची गणती करून भागलें नसतें. बे लॉरेल कोठें किती आहे हें भरावें लागलें.

रॉस मीन्टमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं त्या प्रांताचा धोक्याचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि २०११ सालीं अडीचशें मीटरांच्या चौकोनांवर चालणारें पूर्ण प्रतिमान पुढें मांडलें. त्यांत असें निघालें कीं, उपाय न झाल्यास २०१० ते २०३० या वीस वर्षांत रोगग्रस्त क्षेत्र दहापट होईल. पुढें २०१६ सालीं केंब्रिज येथील निक कनिफ, ख्रिस्तोफर गिलिगन व कॅलिफोर्नियांतील मंडळी यांनीं तेंच गणित उलट्या बाजूनें लावून पाहिलें: अमुक इतका पैसा अमुक वर्षीं अमुक जागीं खर्चिला असता तर काय झालें असतें? उत्तर कटु होतें. सबंध प्रांतांतून रोग हुसकावण्याची वेळ टळून गेली होती. निवडक रानें मात्र अजून राखतां येत होतीं. आमच्या मतें संगणकी नकाशाचा खरा उपयोग या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांत आहे. रोग वाढेल हें सांगावयास यंत्र नको. हातीं असलेलीं दहा माणसें व चार पंप कोणत्या बांधावर उभे करावे, हें ठरविण्यास तें उपयोगी पडतें.

त्याच प्रांताची आणखी एक गोष्ट आम्हांस फार अनुकरणीय वाटते. बर्कली विद्यापीठाचे मॅटेओ गार्बेलोट्टो यांनीं २००८ पासून दर वसंतांत गांवकऱ्यांसच पानें गोळा करावयास लावण्याची प्रथा सुरू केली. थोडें शिकवून लोकांस रानांत धाडावयाचें, डाग असलेलीं पानें जागेच्या नोंदीसह आणवावयाचीं, प्रयोगशाळेंत तपासावयाचीं आणि निकाल नकाशावर सर्वांस पाहावयास ठेवावयाचा. सरकारी पाहणीदार जेथें वर्षानुवर्षें पोंचला नसता तेथील खबर अशा रीतीनें मिळाली.

दुसरें उदाहरण फ्लॉरिडा प्रांताचें. आपल्याकडे कागदी लिंबावर जो खैऱ्या पडतो तोच रोग तेथें १९९५ सालीं मायामी शहराच्या विमानतळाजवळ सांपडला. रोगट झाडाच्या भोंवतालीं १२५ फुटांच्या आंतील लिंबूवर्गीय झाडें तोडावयाचीं असा नियम होता. पण रोग थांबेना. तेव्हां टिम गॉटवाल्ड प्रभृति संशोधकांनीं रोगट झाडांमधील अंतरें प्रत्यक्ष मोजलीं व असें दाखविलें कीं, एका महिन्यांतील नव्या लागणींपैकीं शेंकडा ९५ पकडावयाच्या तर सुमारें १९०० फुटांपर्यंत जावें लागेल. तोच आंकडा पुढें नियम झाला. आमच्या वाचकांनीं याचा हिशेब गुंठ्यांत करून पाहावा. १२५ फुटांच्या वर्तुळांत पंचेचाळीस गुंठे येतात. १९०० फुटांच्या वर्तुळांत दोनशें साठ एकर! एका रोगट झाडापायीं दोनशें साठ एकरांतील निरोगी झाडांवर कुऱ्हाड. परसांतील झाडें तुटलेल्या लोकांनीं खटले भरले, त्यांत काळ गेला. २००४ व २००५ सालांतील चक्रीवादळांनीं रोगाचे कण चहूंकडे उधळले. आणि जानेवारी १९९६ नव्हे तर २००६ मध्यें, म्हणजे पुरतीं दहा वर्षें लढून, रोगनिर्मूलनाचा बेत सोडून द्यावा लागला. तोंपर्यंत एक कोटीहून अधिक झाडें गेलीं होतीं.

या कथेवरून कोणी म्हणेल कीं गणित खोटें होतें. तसें नाहीं. अंतराचें माप खरें होतें. परंतु नकाशावरची रेघ कोणाच्या तरी कुंपणांतून जाते, आणि कुंपणाच्या आंतल्या माणसास विश्वासांत न घेतां ती ओढली तर तो रोग लपवूं लागतो. लपविलेलें एक झाड सबंध नकाशा नासवितें. म्हणून आमचें असें स्पष्ट मत आहे कीं, अशा नोंदी गांवपातळीवर शेतकऱ्यांच्याच मंडळाच्या हातीं असाव्या, आणि बाहेर जो नकाशा जाईल त्यावर चौकोन दिसावे, मालकाचें नांव किंवा गटनंबर दिसूं नये. एरवीं "अमक्याच्या बागेंत रोग आहे" एवढ्या बोलण्यानें व्यापारी भाव पाडील, या भीतीनें कोणीही तोंड उघडणार नाहीं. आणि ती भीति अनाठायीं आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आतां आपल्या भागाचें पाहूं. येथें एक भेद ध्यानांत धरला पाहिजे, तो न धरल्यास पुष्कळ खर्च फुकट जाईल. कांहीं रोग मुलखांत सर्वत्र मुरलेले असतात. आंब्याचा करपा हा तसा आहे. त्याचे कण जुन्या पानांवर व वाळक्या काड्यांवर प्रत्येक बागेंत बसलेलेच असतात. तो कोठून येईल हा प्रश्नच व्यर्थ. तो केव्हां उठेल एवढेंच पाहावयाचें. मोहोराच्या दिवसांत अवकाळी पाऊस किंवा दाट दंव व उबदार हवा आली कीं तो उठतो. भुरीचेंही बहुतांशीं तसेंच. तीस मात्र पानावर पाणी सांचावें लागत नाहीं, थंड रात्री व दमट सकाळ तीस पुरते. या रोगांसाठीं दूरच्या फैलावाचा नकाशा काढण्यापेक्षां हवामानाचा अंदाज व त्यावरून गंधकाची किंवा ताम्रयुक्त औषधाची फवारणी वेळेवर करणें हेंच खरें. आठवड्यांतून दोन वेळां निघणारीं कृषि-हवामान पत्रकें याच कामासाठीं आहेत, आणि राज्याच्या कृषि विभागाच्या हॉर्टसॅप योजनेंत आंब्याच्या नेमलेल्या बागांची कीडरोग-पाहणी होते तीही याच जातीची.

याच्या उलट कांहीं रोग मुलखांत नसतात किंवा एखाद्या कोपऱ्यांतच असतात, आणि बाहेरून येतात. त्यांच्याविषयीं "कोठें" हा प्रश्न जिवाचा असतो. उत्तर हिंदुस्थानांत आंब्याच्या मोहोराचे घट्ट, पानाळ गुच्छ बनून फळच न धरण्याचा एक रोग मोठें नुकसान करतो. बिहारांत दरभंगा येथें तो १८९१ सालींच नोंदला गेला आहे. तो रोगट झाडाच्या काडीवरून बांधलेल्या कलमांतून दूर जातो. वारा त्यास पांचपन्नास हात नेईल. मालमोटार त्यास एका रात्रींत हजार मैल नेते. खालापूर व कर्जत तालुक्यांस हें विशेष लागू आहे. मुंबई-पुणें रस्ता येथून जातो, २००२ पासून द्रुतगति मार्ग पूर्णपणें वाहता आहे, आणि शहरांतील लोकांनीं जमिनी घेऊन त्यांवर दूरदूरच्या रोपवाटिकांतून आणलेलीं कलमें लावण्याचा प्रघात वाढला आहे. असा मालक पुष्कळदां आठवड्यानें येतो, कधीं महिन्यानें. त्याच्या कलमावर काय आलें आहे हें शेजारच्या शेतकऱ्याच्याच नजरेस आधीं पडणार. कॅलिफोर्नियाचा रोगही २००४ सालीं रोपवाटिकेंतील झाडांबरोबर दुसऱ्या प्रांतांत गेला होता. तेव्हां जें प्रतिमान झाडें, पाऊस व वारा एवढेंच जाणतें आणि रोपांच्या मोटारींचा हिशेब धरीत नाहीं, त्याच्या नकाशावर आमच्या तालुक्यांत फारसें विसंबतां येणार नाहीं.

नारळ-सुपारी आमच्याकडे मुरूड-श्रीवर्धनाइतकी नाहीं. परंतु वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या सह्याद्रीच्या पायथ्याशीं, विहिरीच्या आडोशास लावलेल्या नारळाचा मधला कोंब पिवळा पडून ओढतांच हातीं आला, तर तो पहिला माड गांवांत सर्वांस कळविण्याजोगा असतो. कुजलेला भाग काढून बोर्डो मलम लावणें व भोंवतालच्या माडांच्या शेंड्यांत पावसाच्या तोंडीं शेंकडा एक बोर्डो मिश्रण फवारणें हा उपाय जुनाच आहे. भोंवतालचे म्हणजे कोठपर्यंतचे, एवढेंच काय तें नकाशानें सांगावयाचें.

नकाशास लागणारा कच्चा माल आपल्याकडे अगदींच नाहीं असें नाहीं. महावेध योजनेनें २०१७ पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान-केंद्रें बसविलीं आहेत. कर्जत येथें भातसंशोधनाचें जुनें केंद्र आहे. ई-पीक पाहणींत २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पीक नोंदवितो व बांधावरील झाडेंही नोंदवितां येतात. ती नोंद प्रामाणिकपणें केली तर कोणत्या चौकोनांत आंबे किती, या प्रश्नाचें निम्में उत्तर मिळतें. पण एका मंडळास एक हवामान-केंद्र, आणि आमच्या तालुक्यांत नदीकांठचें शेत व घाटाच्या कुशींतली बाग यांच्या पावसांत किती फरक पडतो हें येथल्या माणसास सांगावयास नको. रोगाची नोंद तर कोठेंच सलग नाहीं. जी आहे ती रोग दिसल्याची. रोग पाहिला आणि नव्हता, ही नोंद कोणी ठेवीत नाहीं. आणि गणितास तिची गरज पहिलीइतकीच आहे. नकाशावरचा कोरा चौकोन निरोगी म्हणून कोरा कीं तेथें कोणी गेलेंच नाहीं म्हणून कोरा, हें संगणकास कळावें कसें?

म्हणून कुंभिवलीसारख्या गांवीं आरंभ एका वहीनें करावा. पांचसात बागाईतदारांनीं गांव आपसांत वांटून घ्यावें व पंधरा दिवसांनीं एकदां आपल्या वांट्याच्या झाडांतून, पडीक व परस्थ मालकाच्या जागेंतील झाडें न वगळतां, फेरी मारावी. वहींत तारीख, जागा, झाडाची जात व अंदाजें वय, पाहिलेलीं झाडें किती व त्यांत रोगट किती, हें लिहावें. रोगट शून्य असलीं तरी शून्य लिहावें, जागा कोरी सोडूं नये. मोबाइलनें छायाचित्र घेतांना स्थाननोंद चालू ठेवावी म्हणजे चौकोन आपोआप ठरतो. एक चित्र सबंध झाडाचें व एक रोगट भागाचें असावें, कारण नुसत्या डागाच्या चित्रावरून झाड ओळखतां येत नाहीं. अनोळखी लक्षण दिसल्यास फांदी गांवभर दाखवीत न फिरतां ती पिशवींत बंद करून रोहें येथील कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा दापोलीच्या कृषि विद्यापीठाकडे पाठवावी. छाटणीची कोयती दुसऱ्या झाडास लावण्यापूर्वीं पुसून निर्जंतुक करावी.

वहीच्या शेवटल्या रकान्यांत कलम कोणत्या रोपवाटिकेंतून, कोणत्या सालीं व कोणत्या जातीचें आणलें तें लिहावें, आणि खरेदीची पावती त्याच पानास टांचून ठेवावी. जुन्या झाडांविषयीं हें कोणास आठवत नसेल तर "माहीत नाहीं" असें लिहून पुढें जावें. यंदां लावलेल्या कलमांपासून तरी तो रकाना भरलेला असावा.